अंगाले समजलं काऊन नाही?

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून नागपूरहून मोठ्या आईला गावी आणलं तेव्हा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला होता. सकाळी सातलाच घर रिकामं व्हायचं. सगळे बांधीत, आणि घरात आम्ही दोघीच. तिचा उजवा जबडा अर्धा काढलेला, गालावर मांडीच्या कातडीचं ठिगळ. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तिला चमच्या-चमच्यानं पेज भरवायला म्हणून कॉलेज बुडवून थांबले होते. एकदा पेज संपल्यावर तिनं माझा हात धरला आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "पोरी, बोराटीचा काटा रुतला तं दुसऱ्या दिवशी पाय टम्म फुगते, पू होते, ताप येते. मंग तोंडात हे एवढं वाढून रायलं होतं, तं माह्या अंगाले समजलं काऊन नाही?"

मी म्हटलं, "जास्त बोलू नको, टाके ओढतील."

यापेक्षा बरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चौदा महिन्यांनी ती गेली. भंडारा जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी आज विज्ञान शिकवते, तिथून तिचं घर दीड किलोमीटरवर आहे. तो प्रश्न मात्र इतकी वर्षं माझ्यासोबत आहे. पुढे जे जे वाचलं, ते तिला कसं सांगितलं असतं याच हिशोबानं वाचलं. हा लेखही तिलाच सांगतेय असं समजा.

आधी तिच्याबद्दल थोडं. ती खर्रा (घोटलेली सुपारी आणि तंबाखू) खायची नाही, नुसता तंबाखू-चुना खायची. रोवण्यात सकाळपासून कमरेत वाकून चिखलात उभं राहायचं, भाकर येणार दुपारी एकला. तोवर भुकेला दाबायला कमरेच्या चंचीतून चिमूटभर तंबाखू, डबीतला चुना, तळहातावर चोळून गालात. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून. चुन्यानं तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या कातडीतून झपाट्यानं रक्तात शिरतं. नुसती तंबाखू चघळली तर एवढी चढत नाही. चुन्याला स्वतःची नशा नाही, पण तो सोबतीला असला की दुसऱ्याचं काम दुप्पट होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गालात आतून पांढरा चट्टा आला, तिखट झोंबायला लागलं. तालुक्याच्या एका डॉक्टरनं चार महिने गुळण्यांचं औषध आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. बोट घालून चट्टा चाचपून पाहिला नाही, तुकडा तपासायला पाठवला नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता तिचा प्रश्न.

काटा रुतला की पाय सुजतो तो नुसत्या लाकडामुळे नाही. काट्यासोबत मातीतले जंतू आत जातात. त्या जंतूंच्या कवचात काही ठरावीक साखरा आणि चरब्या असतात, ज्या माणसाच्या अंगात कधीच नसतात. आपल्या पेशींना ही ओळख जन्मतःच असते. ती खूण दिसली की गडबड उडते: सूज, ताप, पू. कॅन्सरची गाठ बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच पेशींची, आपल्याच रक्तावर पोसलेली. अंगातल्या ज्या पेशी घरच्यांवरच हात उचलतील, त्यांना लहानपणीच छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत बाद केलं जातं, आणि ते बरंच आहे, नाहीतर आपण स्वतःलाच खाऊन टाकलं असतं. पण त्यामुळे घरातलाच कुणी बिघडला तर त्याला धरायला फारसं कुणी उरत नाही.

उरतच नाही असं मात्र नाही, मोठी आई. बिघडलेल्या पेशीच्या अंगावर बदललेल्या प्रथिनांच्या खुणा असतात आणि त्या ओळखू शकतील अशा थोड्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशी, जवळपास प्रत्येकात असतात. त्यांना उठवायला कुणीतरी लागतं.

आपल्या गावात कोतवाल होता, तुला आठवत असेल. गावात कोण आलं-गेलं ते पाहायचं आणि काही असलं तर चौकात डफ वाजवून दवंडी द्यायची. अंगातही तसा कोतवाल असतो. १९७३ साली राल्फ स्टाइनमन या शास्त्रज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. ही पेशी फांद्या फुटलेल्या झाडासारखी दिसते म्हणून तिला डेंड्रिटिक पेशी म्हणतात. ती कातडीत, तोंडाच्या आतल्या अस्तरात, सगळीकडे हिंडते, पडलेले तुकडे गोळा करते, जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे मानेत-काखेत असतात तशा छोट्या गाठीत, जाते आणि टी-पेशींना दाखवते. पण तुकडा दाखवणं आणि दवंडी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोतवालाला धोक्याची खूण दिसली असेल तरच तो डफ वाजवतो. खूण नसेल तर तो तोच तुकडा शांतपणे दाखवतो आणि सांगतो, आपलाच माणूस आहे, राहू द्या. मग टी-पेशी नुसत्या झोपत नाहीत, त्या तुकड्याकडे कायमचा काणाडोळा करायला शिकतात.

तुझ्या गालात बहुधा हेच झालं. अंगानं पाहिलं होतं, पण डफ वाजला नाही.

हे समजलं त्या दिवशी मी फार अस्वस्थ होते. कारण मग प्रश्न एकच राहतो, डफ बाहेरून वाजवता येईल का?

येतो, आणि तो कसा वाजवायचा हे माणसाला शंभर वर्षांपूर्वी अपघातानंच कळलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गास्तों रामों नावाचे पशुवैद्य घोड्यांना घटसर्पाची लस टोचून त्यांच्या रक्तातून औषध काढायचे. ज्या घोड्याला टोचल्याजागी गळू व्हायचं, त्याचं रक्त जास्त कामाचं निघतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून १९२५च्या सुमारास त्यांनी मुद्दाम सूज आणायला लशीत काय काय मिसळून पाहिलं. पावाचा चुरा घातला, टॅपिओका घातला. टॅपिओका म्हणजे ज्याचा आपण एकादशीला साबुदाणा खातो त्या कंदाचं पीठ. लशीत साबुदाण्याचं पीठ! आणि घोड्यांच्या रक्तात औषध वाढलं. पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ, निसर्गानं ओवलेली. अशा माळांना जैवबहुवारिकं म्हणतात, बायोपॉलिमर. म्हणजे लशीला पहिल्यांदा सोबत दिली ती एका बायोपॉलिमरनं. या सोबतीच्या पदार्थाला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. तो स्वतः लस नाही, रोगाची ओळख त्यात नाही. तंबाखूला चुना, तसा लशीला अ‍ॅडज्युव्हंट; पण हा चांगल्या कामाला लागलेला.

पुढच्याच वर्षी, १९२६ला, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी तुरटी वापरली. हे वाचलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. श्रावणात आमच्या विहिरीचं पाणी गढूळ व्हायचं. मोठी आई हंड्यात तुरटीचा खडा चार वेढे फिरवायची, घटकाभरात माती तळाशी बसायची, वर निवळ पाणी. ग्लेनी यांच्या काचेच्या भांड्यात तेच झालं. घटसर्पाचं निष्प्रभ केलेलं विष तुरटीच्या कणांना चिकटून तळाशी बसलं. तो गाळ गिनीपिगला टोचला तर नुसत्या विषापेक्षा कितीतरी जोरदार प्रतिकार उठला. आजही बाळाला दीड महिन्याला जी लस देतात, शाळेतल्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जी देतात, त्यांत अ‍ॅल्युमिनियमचे असेच क्षार असतात. पुण्यात तयार झालेल्या आपल्या सर्व्हावॅकमध्येही.

गंमत म्हणजे तुरटी नेमकी का चालते हे पुढची साठ-सत्तर वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. १९८९ साली चार्ल्स जेनवे या शास्त्रज्ञानं भर सभेत याला आपल्या शास्त्राचं मळकं गुपित म्हटलं आणि धोक्याची खूण दिसल्याशिवाय प्रतिकार उठत नाही ही कल्पना मांडली. कोतवालाची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

पण तुरटी कॅन्सरला पुरत नाही. तिनं रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, आणि अंगात शिरू पाहणाऱ्या विषाणूला अडवायला ती उत्तम. गर्भाशयमुखाची लस म्हणूनच चालते, ती विषाणूलाच दारात धरते. आत वाढलेल्या गाठीतली पेशी मारायला मात्र मारेकरी टी-पेशी लागतात, आणि तुरटीच्या हाकेला त्या फारशा उठत नाहीत. वेगळा डफ हवा.

१८९१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे सर्जन होते. ज्याला ताप देणारा कातडीचा जंतुसंसर्ग झाला होता त्याची गाठ विरघळून गेली, अशी एक जुनी नोंद त्यांना सापडली. मग ते रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले. काहींच्या गाठी गेल्या, काही तापानंच दगावले. पद्धत बेभरवशाची होती, पण रोख बरोबर होता. आणि आपल्या सगळ्यांच्या दंडावर जो बीसीजीचा व्रण आहे, तीच क्षयाची लस १९७६ पासून मूत्राशयाच्या वरच्या थरातल्या कॅन्सरवर नळीनं आत सोडतात. आजही सोडतात. जिवंत पण मवाळ जंतू, कवच साखरांच्या माळांनी भरलेलं. डफ असा वाजतो.

जिवंत जंतू न वापरता नुसती ती माळ वापरता येईल का? आता मी आपल्या बोडीवर, म्हणजे शेतातल्या तळ्यावर, येते.

रोवण्याच्या दिवसांत तिथल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बिळांतून खेकडे निघतात. मोठी आई बिळात हात घालून काढायची. नांग्या तोडून पाट्यावर चेचायच्या, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायच्या आणि त्या रसाची आमटी, भरपूर लसूण आणि वाळल्या मिरचीची. टरफलं उकिरड्यावर. त्या टरफलात चुनखडी असते, प्रथिनं असतात आणि कायटीन असतं. कायटीन हीही साखरेचीच माळ, झाडाच्या लाकडातल्या सेल्युलोजची सख्खी बहीण, आणि निसर्गात सेल्युलोजच्या खालोखाल मुबलक. टरफल आम्लात टाकलं की चुनखडी जाते, सौम्य कॉस्टिक सोड्यानं प्रथिनं जातात, आणि तीव्र, गरम कॉस्टिकमध्ये शिजवलं की कायटीनचं कायटोसन होतं. ते व्हिनेगरसारख्या मवाळ आम्लातही विरघळतं आणि त्याच्यावर धन विद्युतभार येतो. आपल्या पेशींचं आवरण ऋण भाराचं. म्हणून कायटोसन चिकटतं. जखमेतलं रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते आधीपासून वापरतात, तेही याच चिकटपणामुळे.

लशीत त्याची दोन कामं. कॅन्सरच्या खुणेचं प्रथिन त्याच्या दाट द्रावणात घालून टोचलं तर ते एका दिवसात वाहून जात नाही, तिथंच टिकतं, आणि कोतवालांना गोळा करायला वेळ मिळतो. दुसरं काम खरं महत्त्वाचं. कायटोसन कोतवाल पेशीच्या आत गेलं की तिथल्या ऊर्जाघरांना, मायटोकाँड्रियांना, ताण देतं. त्यांच्यातला डीएनए थोडा बाहेर सांडतो. पेशीच्या आत असा मोकळा डीएनए दिसणं म्हणजे विषाणू शिरल्याची खूण, असं ती पेशी मानते आणि इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते. हे २०१६ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या गटानं उंदरांच्या पेशींवर दाखवलं. इंटरफेरॉनच्या हाकेला मारेकरी टी-पेशी उठतात. तुरटीला जे जमत नाही ते हेच.

कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांना गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, तिथून जगभर हे नाव पडलं आणि आपण त्याला कर्करोग म्हणतो. त्या रोगावर खेकड्याच्याच टरफलातून काही मिळेल, ही कल्पना मला पहिल्यांदा वाचल्यापासून सोडत नाही.

आणि खेकडाच नाही. पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, उगवतात, पोरं पहाटे उठून टोपल्या भरतात. कायटीन पहिल्यांदा सापडलं ते १८११ साली, आणि तेही अळिंबीतच, फ्रान्सच्या ब्राकोनो यांना. अळिंबीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची आणखी एक माळ असते. कोतवाल पेशीवर तिला धरणारा खास आकडा असतो, डेक्टिन-१. जपानमध्ये शिताके अळिंबीतून काढलेलं लेंटिनन १९८५ पासून बरीच वर्षं पोटाच्या कॅन्सरमध्ये केमोच्या जोडीला इंजेक्शननं दिलं गेलं. समुद्री शेवाळातलं अल्जिनेट आहे, ते कॅल्शियम मिळालं की जेली होऊन बसतं. त्या जेलीत लस भरून हळूहळू सोडण्याचे प्रयोग चालू आहेत.

इथे मला आवाज चढवून एक गोष्ट सांगायची आहे. खेकड्याची आमटी प्यायल्यानं किंवा सात्या खाल्ल्यानं कॅन्सर बरा होत नाही. मोठ्या आईला शेक (रेडिएशन) चालू असताना एक जण घरी येऊन जडीबुटीची पुडी पाच हजारांना देऊन गेला होता, आणि तिनं दोन आठवड्यांचा शेक चुकवला. टरफलातली माळ शुद्ध करून, मोजून, योग्य खुणेसोबत, योग्य जागी टोचली तर काम करते. पोटात गेली तर नुसता चोथा. कायटोसनची जोड दिलेली कॅन्सरची लस आज कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. उंदरांत गाठी आटल्या, माणसांत वाट लांब आहे. एका खेकड्याचं कायटोसन दुसऱ्यासारखं नसतं: माळ किती लांब, किती कॉस्टिक लागला, टरफलासोबत जंतूंचं विष किती राहिलं, यावर सगळं बदलतं. औषध म्हणून द्यायचं तर प्रत्येक खेप हुबेहूब हवी. शिवाय गाठ स्वतःही गप्प बसत नाही; आलेल्या टी-पेशींना ब्रेक लावते.

तो ब्रेक सोडवणारी औषधं आली आहेत, आणि ती शोधून काढणाऱ्यांना २०१८चं नोबेल मिळालं. फार महाग. पण मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२२ साली एक अभ्यास छापला: डोकं आणि मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे ब्रेक सोडवणारं औषध नेहमीच्या २४० ऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे आकडे वाचताना मला तोंडाच्या कॅन्सरचा प्रत्येक ओळखीचा चेहरा दिसत होता. आमच्याकडे ते चेहरे फार आहेत.

स्टाइनमन यांचं पुढे काय झालं तेही सांगते. त्यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी आपल्याच गाठीची खूण आपल्याच कोतवाल पेशींना शिकवून लस करून घेतली. अशा कॅन्सरमध्ये लोक महिन्यांत जातात, ते साडेचार वर्षं जगले. लशीमुळे की केमोमुळे, एका माणसावरून सांगता येत नाही. ३० सप्टेंबर २०११ला ते गेले आणि ३ ऑक्टोबरला त्यांचं नोबेल जाहीर झालं.

यंदा रोवण्याच्या सुटीनंतर दहावीच्या वर्गात मी खेकड्याचं टरफल पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं. बुडबुडे उसळले, मुलं बाकावर चढली. दुसऱ्या दिवशी चिमट्यानं उचललं तर टणक टरफल ओल्या चामड्यासारखं लुळं पडलेलं. एका मुलीनं ते खिडकीशी धरलं. मधाच्या रंगाचा उजेड आला. "मॅडम, हे तं खर्र्याच्या पन्नीवानी दिसते," ती म्हणाली.

सगळे हसले. मी म्हटलं, बरं आठवलं, चला, तीन बोटं. हे मी दर महिन्याला करते. तीन बोटं उभी जोडायची आणि तोंडात घालून पाहायची. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं मावतात. सुपारीनं गाल आतून दोरीसारखे कडक व्हायला लागले की मावत नाहीत, आणि कॅन्सरच्या कितीतरी आधी हे कळतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याची दोन बोटं जेमतेम गेली. "माह्यं पयल्यापासून असंच हाय मॅडम," तो म्हणाला. दात लालसर. वडिलांचा पानठेला आहे, संध्याकाळी खर्रा हाच घोटतो.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आई हापशीवर होती. तिला तिथंच उभं राहून सांगितलं, मुलाला उजेडात नेलं, गाल ओढून आतला पांढुरका पट्टा दाखवला. तिनं बोट लावून पाहिलं. मग पदरानं बोट पुसत राहिली.

"उद्या आमचा रोवणा हाय," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी नेलं तं चालते?"

मी म्हटलं, "उद्याच. रोवण्याला मी माझ्याकडच्या दोन बाया पाठवते. भंडाऱ्याची सातची एसटी आहे, मी येते सोबत."